स्लॅबवरचं ऊन कोणाचं?

घराचं काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा टाइल्सवर होते. मग मॉड्युलर किचन, बाथरूमचे नळ, हॉलमधलं फॉल्स सीलिंग, टीव्हीमागची भिंत. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये चौरस फुटांचे भाव असतात, प्लायवूडची जाडी असते, बिजागऱ्यांची कंपनीसुद्धा असते. डोक्यावरचा स्लॅब मे महिन्यात किती तापतो आणि त्याचं काय करायचं, याबद्दल त्या कागदावर बहुधा एक ओळही नसते. गिझरबद्दल ‘जुनाच परत बसवू’ एवढं ठरतं. इंटरनेटची वायर कुठून आणायची हे तर घर लावून झाल्यावर, कनेक्शन द्यायला आलेला मुलगा ड्रिल घेऊन दारात उभा राहिला की सुचतं.

हा क्रम उलटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. रंग चार-पाच वर्षांनी पुन्हा काढता येतो, नळ तासाभरात बदलतो, कपाट नकोसं झालं तर विकता येतं. छतावरचा थर, भिंतीतले पाइप आणि वायरींच्या नळ्या मात्र एकदा झाकल्या गेल्या की पंचवीस-तीस वर्षं त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणून जे झाकलं जाणार आहे, त्यावर आधी डोकं आणि पैसा खर्च व्हायला हवा. आणि त्यातही महाराष्ट्रात पहिला मान छतातून उतरणाऱ्या उष्णतेला द्यायला हवा. तिचा त्रास सर्वांत मोठा आहे, आणि तो सोसायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की तो टाळता येतो हेच आपण विसरलो आहोत.

गळतीचं काय होतं ते पाहा. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात ओल उतरली की तिथला रहिवासी सोसायटीला पत्र लिहितो. गच्ची सामाईक, तेव्हा तिच्यातून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त सोसायटीनं करायचा, हे उपविधींत आहे आणि लोकांनाही मान्य आहे. सभेत वाद होतो, कोटेशनं मागवली जातात, वर्गणी निघते. त्याच गच्चीतून त्याच घरात मार्चपासून जूनपर्यंत उष्णता उतरत असते. तिची तक्रार कुणी लिहीत नाही. ‘टॉप फ्लोअर म्हटल्यावर तापणारच’ असं म्हणून माणूस स्वतःच्या खिशातून एसी घेतो, आणि ज्याला एसीचं बिल झेपत नाही तो संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओततो, खिडकीला ओली चादर लावतो आणि रात्र काढतो. पाऊस आणि ऊन एकाच सामाईक छतावर पडतात. एकाचा भार सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि दुसऱ्याचा एकट्यानं सोसायचा, याला मला कुठलंच समर्थन सापडत नाही.

आपल्याकडे सूर्याचं गणितच छताच्या विरोधात आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला येतो, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथल्या प्रत्येक गावाच्या अगदी डोक्यावर येतो. पुण्यात पहिला शून्य सावली दिवस मेच्या मध्याला असतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. मुलं अंगणात काठी उभी करून सावली नाहीशी होताना पाहतात, त्याच दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर १,००० वॉटच्या आसपास ऊन पडत असतं. ५०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर; भर दुपारी तिच्यावर ४५ किलोवॉटच्या आसपास ऊन. उघडं, काळवंडलेलं सिमेंट त्यातलं निम्म्याहून बरंच अधिक शोषून घेतं. ते सगळंच घरात येत नाही. वारा काही नेतो, काही आकाशाकडे परत जातं. तरी प्रमाण कळावं म्हणून सांगतो, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तरी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णताच बाहेर काढू शकतो.

आपला नेहमीचा स्लॅब पाच इंचांचा असतो. काँक्रीट उष्णता फारशी अडवत नाही. ती साठवतं आणि सावकाश खाली सोडतं. दोन इंच जाडीच्या एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिनच्या शीटमुळे उष्णतेला जेवढा अटकाव होतो, तेवढा नुसत्या काँक्रीटनं साधायचा तर स्लॅब अडीच मीटर जाड घालावा लागेल. दुपारी शोषलेलं ऊन रात्री खोलीत उतरतं. नऊ-दहाला बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छत अजून झळा मारत असतं. पंखा लावावा तर तो छताजवळची तापलेली हवाच अंगावर ढकलतो. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांचे, तान्ह्या मुलांचे, आजाऱ्यांचे हाल होतात ते दुपारच्या उन्हाइतकेच या रात्रींमुळे, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

२०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून किती उष्णता आत यावी याची तिनं मर्यादा घातली: आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला १.२ वॉट, त्याहून जास्त नाही. पाच इंचांचा उघडा स्लॅब यात जवळजवळ तिप्पट भरतो. त्यावर दोन इंचांची शीट घातली तर आकडा अर्ध्या वॉटपर्यंत खाली येतो. म्हणजे उपाय माहीत आहे, माल बाजारात मिळतो, मोजमाप सरकारनंच ठरवून दिलंय. पण ही संहिता मुख्यतः नव्या आणि मोठ्या प्रकल्पांचा विचार करते. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन मजली सोसायटीच्या गच्चीचा विचार तिथल्या माणसांनीच करायचा आहे.

हे सगळं आपल्याला कधी ठाऊकच नव्हतं असं नाही. मराठवाडा, सोलापूर, खानदेशातली माळवदाची आणि धाब्याची घरं आठवा. लाकडी सऱ्यांवर कडबा किंवा पाला, वर मातीचा जाड थर, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात अशा घरात पाऊल टाकलं की डोळे निवत. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात जवळपास ८,००० माणसं गेली, आणि त्यातली असंख्य माणसं त्याच घरांच्या सैल रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि छतावरच्या मातीच्या ओझ्याखाली गाडली गेली. त्यानंतर लोकांनी माळवद सोडलं, आणि सोडलं ते योग्यच केलं. भीती खरी होती. मात्र मातीचं वजन टाकून देताना त्या मातीनं दिलेली थंडाईही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलंच नाही. नुसता स्लॅब आला, नाहीतर पत्रा आला. गेल्या तीस वर्षांत आपण सुरक्षित आणि तापणारी घरं बांधली. हलकं आणि थंड असं दोन्ही देणारं साहित्य उपलब्ध असताना ही अदलाबदल कायमची मान्य करायचं काही कारण नाही.

वजनाचा हा मुद्दा शहरातल्या जुन्या इमारतींनाही लागू आहे. स्लॅब गळला की त्यावर ब्रिकबॅट कोबा घालायचा ही आपली जुनी आणि बरी पद्धत. विटांचे तुकडे, वर सिमेंटचा माल, त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेलं चायना मोझॅक. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, उतार पाणी घालवतो. पण चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं. कित्येक गच्च्यांवर पहिला कोबा न काढताच दुसरा चढवलेला दिसतो. जुन्या स्लॅबवर असे थर रचत जाणं धोक्याचं आहे. दोन इंच जाडीच्या फोमच्या शीटचं वजन तेवढ्याच जागेत दोन किलोही भरत नाही. जुना कोबा उकरून स्लॅब मोकळा करायची वेळ आलीच असेल, तर वॉटरप्रूफिंगवर फोमची शीट, तिच्यावर पातळ काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल्स हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. यात वॉटरप्रूफिंगचा थरही उन्हापासून वाचतो. रोज तापून, रात्री आकसून त्याला तडे जायचे, ते कमी होतात. उष्णता आणि गळती या दोन तक्रारींवर एकाच खर्चात इलाज होतो. सोसायटीच्या सभेत पटवायला याहून सोपा मुद्दा नाही.

याउलट फ्लॅटधारक एकटा पडला की तो आतून इलाज करतो: फॉल्स सीलिंग, त्यात काचलोकर नाहीतर थर्माकोल. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण स्लॅब मात्र वर तसाच भाजत राहतो, त्याला पडणारे तडे सीलिंगआड झाकले जातात आणि गळती कळते तेव्हा जिप्समचा तुकडा खाली आलेला असतो. साधं थर्माकोल सहज पेट घेतं, आणि सीलिंगमधले दिवे, त्यांच्या वायरी त्याच पोकळीत असतात. तिथे ते भरू नये. उष्णतारोधक रंगांच्या जाहिरातींबद्दलही सावध राहावं. ‘तापमान दहा अंशांनी कमी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा गच्चीच्या पृष्ठभागाचं तापमान असतं, खोलीतलं नव्हे. पांढरा रंग वा चुना चांगलाच आहे, स्वस्त आहे, पण धूळ आणि पावसाळ्यातलं शेवाळ त्याचा उजळपणा खातात. तो दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं द्यायची तयारी हवी.

पत्र्याच्या घरांत मात्र हा चुनाच पहिला आधार आहे. अहमदाबादेनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना द्यायची मोहीम घेतली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. विदर्भात ४५ अंश ही बातमी राहिलेली नाही. तिथे घरकुल योजनेतून उभं राहणारं प्रत्येक छत पांढरं असावं, एवढी मागणी तरी व्हायला हवी.

‘एवढा खटाटोप कशाला, एसी लावला की झालं’ असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. चंद्रपुरात मे महिन्यात आजारी माणसाच्या खोलीत एसी हवाच. माझा आक्षेप क्रमाला आहे. छत तसंच ठेवून घेतलेला एसी मोठा घ्यावा लागतो, जास्त वेळ चालतो, आणि तो खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीपाशी नेऊन टाकतो. शेजारी मग स्वतःचा एसी घेतो. वीज गेली की तासाभरात खोली पुन्हा तापते. छत आधी नीट केलं तर कित्येक खोल्यांना पंख्यावर भागतं आणि जिथे भागत नाही तिथे दीड टनाऐवजी एक टन पुरतो. म्हणून एसीचा आकार ठरवण्याआधी छताचा निर्णय व्हायला हवा. आज बहुतेक घरांत हे उलट होतं.

भिंतींबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. तापतात त्या पूर्व-पश्चिमेच्या. पश्चिमेची बाल्कनी हॉलमध्ये घेण्याची हौस सगळीकडे दिसते. खोली पाच फूट वाढते, पण त्या बाल्कनीची सावली जाते आणि संध्याकाळचं ऊन थेट सरकत्या काचेवर पडू लागतं. एवढं खुलं अंतर हेच तिथलं उष्णतारोधन होतं. कोकण-गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे दमट हवा घरातून वाहती ठेवणं हे मुख्य काम. जांभ्याच्या भिंती, उंच कौलारू छप्पर आणि समोरासमोरच्या खिडक्या ते करतात. तिथल्या जुन्या घराच्या खिडक्या बंद करून काच बसवणं म्हणजे घर बिघडवणंच. आणि निफाड-गोंदियासारख्या, हिवाळ्यात कडाक्यानं गारठणाऱ्या गावांत मे महिन्यासाठी घातलेलं छताचं अस्तर डिसेंबरात खोलीतली ऊब धरून ठेवतं. शेकोटीवाचून रात्र काढता येते.

घर तापवायची गरज आपल्याला क्वचित पडते, पाणी तापवायची रोज. इथेही आपण चुकीच्या आकड्याकडे बघतो. गिझर किती स्टारचा हे विचारतो, पण तो नळापासून किती लांब आहे हे विचारत नाही. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ वर न्यायला ०.३ युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे चौघांच्या अंघोळीला सव्वा युनिट. तो काही मोठा खर्च नाही. खरी नासाडी पाइपात होते. गच्चीवरच्या सोलरमधून चार मजले खाली येणाऱ्या पाऊण इंची पाइपात २० मीटरला पाच लिटर पाणी मावतं. सकाळी तेवढं थंड पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही, आणि ते मोरीत जातं. ज्या शहरांत सोसायट्या टँकर मागवतात तिथे हे रोज, प्रत्येक घरात चालतं. भिंत उघडी असताना गरम पाण्याचा पाइप आखूड मार्गानं नेणं आणि त्यावर फोमची नळी चढवणं, याला कामाच्या एकूण खर्चात नगण्य पैसे लागतात. भिंत बंद झाल्यावर तेच काम अशक्य होतं.

गॅस गिझरबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला ना रंग ना वास. आपल्या राज्यात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. नूतनीकरणात हा धोका वाढतो, कारण जुनी झडपांची खिडकी काढून तिथे आरसा किंवा अखंड काच बसवली जाते आणि गिझर आत तसाच राहतो. काम काढलंच आहे तर गॅस गिझर बाहेर मोकळ्या हवेत न्या, नाहीतर विजेच्या गिझरसाठी स्वतंत्र वायर आणि अर्थिंग ओढून घ्या आणि गॅसचा विषय संपवा.

आता नेटवर्क. मार्च २०२० नंतर प्रत्येक घरानं हे अनुभवलं आहे: हॉलमध्ये इंटरनेट धावतं आणि आतल्या खोलीत मुलाचा वर्ग अडकतो. वाय-फायचा यात दोष नाही. स्लॅब आणि कॉलममधल्या सळया, जुन्या घराच्या काळ्या दगडाच्या भिंती, टाइल्स लावलेलं बाथरूम, मोठे आरसे, हे सगळं लहरींना अडवतं; वेगवान ५ गिगाहर्ट्झच्या लहरी तर आणखी लवकर थकतात. राउटर कुठे असतो? दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर, कारण ड्रिलचं भोक तिथे पडलं. ‘आता सगळं वायरलेस आहे, वायर कशाला’ हा आक्षेप मला पटत नाही. हवेतून जायचं ते शेवटचे पाच-सात मीटर. तिथपर्यंत डेटा आणायला तारच हवी.

लागतं तेही फार नाही. फायबर जिथून घरात येणार ती एक जागा, तिथे इन्व्हर्टरवरचा प्लग, आणि तिथून प्रत्येक खोलीकडे एक रिकामी नळी, आत ओढदोरा. वायरपेक्षा नळी महत्त्वाची, कारण वायरींचं तंत्र बदलेल आणि नळी असेल तर भिंत न फोडता नवी वायर ओढता येईल. आज कॅट ६ पुरेशी आहे. १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिटचा वेग देते, आणि कुठलाही फ्लॅट तेवढा लांब नसतो. ती शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं बघून घ्यावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात विकली जाते. आणि ही नळी २३० व्होल्टच्या वायरींच्या नळीत घुसवू देऊ नये, वायरमननं कितीही आग्रह केला तरी.

हे तिन्ही विषय सुटे नाहीत, एकमेकांत अडकलेले आहेत. चंदेरी फॉइल लावलेलं उष्णतारोधक अस्तर किंवा धातूचा लेप दिलेली काच उष्णतेबरोबर वाय-फाय आणि मोबाइलचे सिग्नलही परतवते. बंगल्यात मजल्यांमध्ये असं अस्तर घालायचं असेल तर प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र तार हवीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून घाईनं पॅनेल बसवले जातात. पॅनेलची सावली छताला हितकारकच. पण त्यांचे पाय गळक्या, अस्तर नसलेल्या स्लॅबवर रोवले, तर दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंगसाठी सगळं उचलावं लागतं. म्हणून आधी स्लॅब, मग पॅनेल. आणि गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप धरून, काढून ठेवावा. पुढे कपाट ठोकताना कुठे पाइप आहे हे त्या फोटोवरूनच कळेल.

आता खर्चाबद्दल. एकट्या माणसाला हे सगळं एकदम झेपत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच छताचा भाग एकट्याचा मानू नये असं म्हणतो. पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत. सभासद वाढीव कार्पेट एरियासाठी, कॉर्पस फंडासाठी, भाड्यासाठी, पार्किंगसाठी महिनोन् महिने झुंजतात. त्याच करारनाम्यात छताचा उष्णतेचा आकडा १.२ च्या आत असावा, गरम पाण्याच्या पाइपांना अस्तर असावं, प्रत्येक खोलीत नेटवर्कची वेगळी नळी असावी, या तीन ओळी घालण्याची विकासकाकडे कुणी मागणी केली तर त्याला नाही म्हणणं अवघड जाईल. ज्यांचा पुनर्विकास लांब आहे त्यांच्यासाठी अडचण वेगळी आहे. वार्षिक सभा कायद्यानं ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे ती बहुतेक पावसाळ्यात होते. त्या वेळी गळती डोळ्यांसमोर असते आणि मे महिना विसरलेला असतो. विशेष सर्वसाधारण सभा मात्र केव्हाही बोलावता येते. ती मेमध्ये बोलावा, रात्री नऊ वाजता, सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरात, आणि विषयपत्रिकेवर गच्चीचं उष्णतारोधन हा एकच विषय ठेवा.